चालीला मुद्रा नसते



अभंग कुणाचा, हे भजनाला बसणाऱ्याला विचारावे लागत नाही. शेवटच्या चरणात संतांनी आपली नाममुद्रा ठेवलेली असते. ती कानावर आली की तुकोबाराय, नामदेवराय, जनाबाई, चोखोबा, जे कोणी असतील ते समोर उभे राहतात. पण चाल कुणाची, असे विचारून पाहा. "आमच्याकडे अशीच म्हणतात," एवढे उत्तर मिळते. फार झाले तर "आमच्या थोरल्या बुवांची" किंवा "आळंदीला ऐकली होती." ज्या कुणी बांधावर बसून किंवा देवळाच्या ओट्यावर ती पहिल्यांदा बसवली, त्याची आठवण दोन पिढ्यांत पुसली जाते. अभंगाला मुद्रा असते, चालीला नसते.

हा विचार मला एखाद्या ग्रंथातून सुचलेला नाही. सीडीच्या पाकिटावर मार्करने काय लिहावे, या साध्या प्रश्नातून तो सुचला.

रसायनीतले आमचे भजनी मंडळ २००४ पासून बारा-तेरा वर्षे दर ज्येष्ठात एक सीडी घरीच भरायचे आणि आषाढीच्या आधी माणसांच्या हातात नेऊन द्यायचे. कधी वीस, कधी चाळीस. विक्री नाही, देणगी नाही, प्रकाशन समारंभ नाही. मी त्या वेळी हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्सच्या, म्हणजे आमच्या एचओसीच्या प्रयोगशाळेत नोकरीला होतो आणि मंडळात टाळकरी होतो. गळा यथातथाच. पण चाल कानात राहते, म्हणून हे काम माझ्याकडे आले.

आधी रसायनीविषयी थोडे सांगायला हवे, कारण तिथल्या राहणीशिवाय या सीडी झाल्याच नसत्या. रसायनी हे जुन्या गावाचे नाव नव्हे. मोहोपाडा, वाशिवली ही गावे पूर्वीपासूनची. पाताळगंगेच्या काठी रसायनांचे कारखाने आले आणि परिसराला हे नाव पडले. एचओसी ही सरकारी कंपनी १९६० साली स्थापन झाली. रंग, औषधे, रबर यांच्या उद्योगांना लागणारा कच्चा माल देशातच व्हावा, हा हेतू. मग माणसे आली ती साऱ्या महाराष्ट्रातून. माझ्या इमारतीत वर सोलापूरचे, खाली जळगावचे, शेजारी साताऱ्याचे. खालापूर-कर्जतचे भूमिपुत्र तर होतेच. प्रत्येकाने ट्रंकेतून भांडी-कपडे आणले तशी गावची चालही आणली.

पहिल्या एकादशीला काय झाले असेल याची कल्पना वारकऱ्याला सहज येईल. एकच रूपाचा अभंग, आणि सोलापूरकर एका चालीत उठले, सातारकर दुसऱ्या. पखवाजी मध्ये अडकला. हे माझ्या आधीच्या पिढीचे, मी ते ऐकून सांगतो आहे. असे म्हणतात की त्या रात्री भजन कमी आणि वाद जास्त झाला. शेवटी तोडगा निघाला तो असा, की ज्याची पाळी त्याची चाल. इतरांनी मागे म्हणायची. मी मंडळात आलो तेव्हा एकेका अभंगाच्या तीन-चार चाली सगळ्यांना तोंडपाठ होत्या. एका फडाच्या शिस्तीत वाढलेल्या माणसाला हे कदाचित खपणार नाही. त्यांचेही बरोबर आहे. शिस्तीनेच चाली टिकतात. पण आमच्याकडे एकच फड नव्हता, आमच्याकडे तीन पाळ्या होत्या.

कारखाना रात्रंदिवस चालतो. एकादशी रविवारी येवो की बुधवारी, कुणी ना कुणी दुसऱ्या पाळीला असायचाच. ज्याची पाळी असेल तो म्हणायचा, "दादा, कॅसेट भरून ठेवा." रेकॉर्डिंगचा उगम इतका साधा आहे. नव्वद मिनिटांची कॅसेट, एका बाजूला पंचेचाळीस मिनिटे, आणि नेमकी गजर रंगात आला की बाजू उलटायची वेळ. त्या कॅसेटी पाळीपाळीने फिरायच्या. फिलिप्स कंपनीने १९६३ साली कॅसेट आणली तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे पाताळगंगेकाठचे टाळकरी नक्कीच नव्हते. पण स्वतःचा आवाज स्वतः भरून शेजाऱ्याला देता येणे, ही सोय तिने गरिबाच्या घरात आणली हे खरे.

पुढे वसाहतीतल्या एका मुलाच्या घरी संगणक आला आणि त्याला सीडी भरणारे यंत्र जोडलेले होते. कोरी सीडी चहा-वड्याच्या पैशांत मिळायला लागली. त्या मुलाने मला पहिल्याच दिवशी सांगितले, "काका, एमपीथ्री करून टाकू. एका सीडीत शंभर-दीडशे गाणी बसतात." बाजारात तशा सीडींचे ढीग होतेच. मी म्हटले, नको. एक कारण व्यवहारातले. म्हाताऱ्यांच्या घरी जुने प्लेअर, त्यांना एमपीथ्री वाचता येत नसे. साधी ऑडिओ सीडी मात्र कुठेही लागे, आणि तिच्यात मावतात ऐंशी मिनिटे. दुसरे कारण असे की दीडशे अभंग दिले म्हणजे मी काहीच निवडले नाही. ढीग देणे आणि ताट वाढणे यात फरक आहे. ताट वाढताना जेवणारा कोण, त्याला काय पचते, हे डोळ्यांसमोर असावे लागते.

ऐंशी मिनिटे म्हणजे किती, हे भजनी माणसाला वेगळे सांगायला नको. वारकरी चालीचा एक अभंग ठायीने सुरू होऊन दुगणीत जाऊन खाली येईपर्यंत दहा-बारा मिनिटे सहज घेतो. म्हणजे सात, फार तर आठ अभंग. वर्षभरात भरलेल्या तीस-चाळीस तासांतून हे आठ निवडायचे. क्रम भजनाचाच ठेवायचा: आधी मंगलाचरण आणि रूपाचा अभंग, मध्ये संतांचे उपदेशपर दोन, मग एखादी गवळण, शेवटी भैरवी. क्रम मोडला तर सीडी लागते, पण भजन लागत नाही.

आवाज भरण्याची युक्तीही अनुभवाने कळली. टाळ माणसाचा गळा गिळतो. यंत्र टाळकऱ्यांच्या मध्ये ठेवले की नुसता खणखणाट येतो आणि बुवा दूर कुठे तरी ओरडत असल्यासारखे वाटतात. म्हणून ते विणेकऱ्याच्या मागे, खांबाला टेकून, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवायचे. खाली चार पदरी घोंगडी, म्हणजे पखवाजाचा धक्का जमिनीतून चढत नाही. सगळ्यात स्वच्छ भरलेले अभंग भारनियमनाच्या दिवसांतले आहेत. वीज गेली की पंखे बंद, शेजारचे टीव्ही बंद. सेलवर चालणारे यंत्र, कंदील आणि भजन. भारनियमनाला मी तरी कधी शिव्या दिल्या नाहीत.

सीडीत काय घालायचे नाही, याचा नियम पहिल्या वर्षीच ठरला. जे दुकानात मिळते ते नाही. पंडित भीमसेन जोशींची अभंगवाणी कोण ऐकत नाही? प्रल्हाद शिंद्यांच्या आवाजातली विठ्ठलगीते रिक्षात, टपरीवर, जत्रेत सगळीकडे वाजतात. ती विकत मिळतात, त्यांच्यावर कंपनीचा आणि कलावंतांचा हक्क आहे, त्यांची फुकट नक्कल काढायचे कारण नाही. आम्हाला हवे होते ते कोणत्याच दुकानात मिळत नव्हते. ज्यांना कंपनीने कधी बोलावले नाही आणि ज्यांनी स्वतःहून कधी कंपनीचे दार ठोठावले नाही, अशांचे गाणे.

त्यासाठी मी सुटीच्या दिवशी हिंडायला लागलो. खोपोलीजवळ ताकई-साजगावला विठोबाचे देऊळ आहे. तिथली कार्तिकीची यात्रा आमच्या भागात मोठी. यात्रेत सुक्या मासळीचा बाजार भरतो म्हणून लोक देवालाच लाडाने बोंबल्या विठोबा म्हणतात आणि त्या स्थानाला धाकटी पंढरी. तुकोबाराय व्यापाराच्या निमित्ताने इकडे येत, अशी आख्यायिका आहे. त्या यात्रेत रात्री देवळाच्या आसपास ज्या भजनी जोड्या बसतात, त्यांत मला दर वर्षी एखादी न ऐकलेली चाल मिळे. चौकजवळच्या एका गावातले बायकांचे मंडळ तिथेच भेटले. हरिपाठ म्हणताना त्या एका विशिष्ट ठिकाणी थांबायच्या, एक श्वासभर, आणि मग सगळ्या एकदम उठायच्या. तो थांबा त्यांनी ठरवून बसवलेला नव्हता. त्यांच्यातली एक वयस्क बाई दम्याने तिथे थांबायची, म्हणून बाकीच्या तिच्यासाठी थांबत. पुढे तीच चाल झाली. त्या बाई गेल्यावरही थांबा राहिला.

सीडी आषाढीच्या आधीच का, तेही सांगतो. देशावरच्या माउलींच्या हे पटकन ध्यानात येत नाही. आमच्याकडे आषाढ म्हणजे भातलावणी. पाऊस धरला की घरातला धडधाकट माणूस शेत सोडू शकत नाही. त्यामुळे खालापूर-कर्जतच्या पुष्कळांची खरी वारी कार्तिकातली, बोरघाट चढून पायी आळंदीला. आषाढात पालखी पंढरीच्या वाटेवर असते आणि आमचा माणूस गुडघाभर चिखलात. त्याच्यासाठी, दुसऱ्या पाळीच्या कामगारासाठी, अंथरुणाला खिळलेल्यासाठी ती सीडी. एक सीडी दर वर्षी टपालाने केरळात जायची. कोचीजवळ अंबलमुगल इथे एचओसीचा दुसरा कारखाना आहे. आमचे एक पखवाजी तिकडे बदलून गेले होते. त्यांनी तिथल्या दोन-तीन मराठी घरांना धरून एकादशीचे भजन सुरू केले. आमची सीडी ऐकून ते चाल बसवत आणि मग फोनवर म्हणून दाखवत. एकदा त्यांनी विचारले, "दुसऱ्या चरणानंतर टाळ थांबलाय तो मुद्दाम, की कुणाचा टाळ पडला?" टाळ पडला होता. पण कोचीत तो तोवर थांबा म्हणून बसला होता.

आता कर्जतकडच्या त्या मुलाची गोष्ट. तो मिनीडोअर चालवायचा, वय असेल बावीस-तेवीस. शिक्षण अर्धवट, गळा मात्र निकोप. गाडी स्टँडवर नंबरात उभी असली की स्टिअरिंगवर ठेका धरून चाली बसवायचा. चोखोबांच्या एका अभंगाला त्याने स्वतःची चाल लावली होती. मी ती गाडीतच भरली. मागे पाऊस, एसटीचा हॉर्न, सगळे आले आहे. सीडीत घालण्यापूर्वी आमच्या बुवांना ऐकवणे भाग होते. बुवा जुन्या वळणाचे. सिनेमाच्या चालीवर अभंग म्हणणाऱ्यांना ते मंडपातून उठवत, आणि मला विचाराल तर योग्यच करत. अभंगाचे शब्द कानावर यावेत आणि डोळ्यांसमोर नटनटी नाचाव्यात, हे कोणाला चालेल?

बुवांनी एकदा ऐकले आणि कपाळाला आठी घातली. "सिनेमाची आहे." दुसऱ्यांदा लावायला सांगितली. तिसऱ्यांदा ऐकताना ते डोळे मिटून बसले आणि उजवा हात खाली-वर करायला लागले. मला वाटले ताल धरताहेत. ते भाताची रोपे रोवत होते. "अरे, ही सिनेमाची नाही. ही लावणीची आहे. माझी आई चिखलात वाकून असलंच काहीतरी म्हणायची. पोरानं ती चोखोबाला आणून दिली." ती सीडी भरली गेली. पाकिटावर काय लिहायचे, हा प्रश्न त्याच दिवशी आला. बुवा म्हणाले, "अभंग चोखोबांचा. चाल ह्या पोराची. गाव लिही. गाडीत भरला हेही लिही, नाहीतर लोक म्हणतील देवळात एसटी कशी आली."

तेव्हापासून प्रत्येक पाकिटात मी एक कागद घालू लागलो. जुन्या कॅलेंडरची कोरी पाठ कापून त्यावर हाताने लिहायचो: अभंग कुणाचा, चाल कुणाची किंवा कुणाकडून मिळाली, गळा कुणाचा, पखवाज कुणाचा, गाव, तिथी. चालीचा धनी माहीत नसेल तर ज्याच्याकडून ऐकली त्याचे नाव आणि त्याने कुणाकडून ऐकली तेही. चाळीस सीडी असल्या तर चाळीस कागद. घरची मंडळी हसायची. पण नकलून ठेवणे हे आपल्या संप्रदायाला नवे नाही. तुकोबारायांचे अभंग आपल्यापर्यंत आले ते संताजी जगनाडे, गंगाराम मवाळ यांच्यासारख्या टाळकऱ्यांनी लिहून घेतले म्हणून, अशी आपली परंपरा सांगते. पुढे दोन शतके गावोगावच्या बाडांतून हाताने नकला झाल्या, आणि १८६९ व १८७३ साली मुंबई सरकारच्या आश्रयाने गाथा दोन भागांत छापली गेली तीही अशा हस्तलिखितांच्या आधाराने. शब्दांसाठी बोरू झिजवणारे पुष्कळ झाले. चालीसाठी कुणाला तसे करता येत नव्हते, कारण चाल कागदावर मावत नाही. ती भरायचे यंत्र आता आपल्या हाती आले.

नाव लिहिले नाही तर काय होते, याचे उदाहरण सगळ्यांच्या माहितीतले आहे. प्रभात कंपनीचा 'संत तुकाराम' १९३६ साली आला. त्यासाठी शांताराम आठवले यांनी लिहिलेले एक गीत लोकांनी तुकोबांचाच अभंग म्हणून डोक्यावर घेतले, आणि आजही कीर्तनात ते तसे येते. आठवल्यांच्या लेखणीचा हा केवढा मोठा मान! पण आठवले निदान पडद्यावर नाव असलेले कवी होते. बांधावरच्या बाईचे काय? पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव हिंडून जात्यावरच्या १ लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, पुढे कित्येकींचे आवाजही भरून घेतले गेले. त्या कामातली मला सर्वांत भावलेली गोष्ट म्हणजे ओवीशेजारी म्हणणारीचे नाव आणि गाव आहे. ओवी परंपरेची, तरी ती सांगणारी बाई कुणी तरी आहे.

एक गोष्ट मला नोकरीमुळे ठाऊक होती आणि मंडळाला ती सांगायला मजा यायची. घरी भरायच्या सीडीत एक रंगाचा थर असतो. सेंद्रिय रंग. किरण त्या थरावर पडतो, बारीक बारीक ठिकाणी तो थर तापून बदलतो आणि त्या खुणांतून पुन्हा आवाज उमटतो. आम्ही रसायनीत ॲनिलिन, नायट्रोबेंझिन करणारी माणसे, म्हणजे रंगाच्या धंद्याचीच मूळ सामग्री. त्यामुळे हेही माहीत होते की असा रंग उन्हात विटतो. आणखी गंमत म्हणजे किरण सीडीच्या मध्यापासून सुरू होऊन बाहेर बाहेर फेऱ्या घेत जातो. ती सगळी वाट सरळ केली तर सुमारे ५ किलोमीटर भरते. बुवा म्हणाले, "म्हणजे दांडफाट्यापर्यंतची दिंडी झाली की!" अंतराबद्दल मी वाद घातला नाही. सीडी उन्हात ठेवू नका, रिक्षाच्या काचेशी तर मुळीच नको, हे मात्र प्रत्येक कागदाच्या तळाशी लिहीत गेलो.

आमच्या चाली कुठवर गेल्या, हे कळायला मार्ग नव्हता. एकदाच कळले. कार्तिक वद्यात आम्ही आळंदीला एका धर्मशाळेत उतरलो होतो. पहाटे शेजारच्या दालनातून चोखोबांचा तो अभंग आला, आणि चाल आमच्या पोराची. मी आणि बुवा दोघेही उठून दारात जाऊन उभे राहिलो. मंडळी परभणी जिल्ह्यातली. अभंग संपल्यावर मी विणेकरी माउलींच्या पाया पडून विचारले, चाल कुठली? ते म्हणाले, "आमच्याकडची जुनी चाल आहे." शेजारचा तरुण टाळकरी मात्र चुळबुळला. त्याचा भाऊ पनवेलकडे कंपनीत होता, त्याने दोन वर्षांपूर्वी गावाकडे एक सीडी नेली होती. पाकीट हरवले, कागद हरवला, चाल राहिली. दोन वर्षांत ती जुनीही झाली!

मी सांगितले, ही चाल कर्जतकडच्या एका मिनीडोअरवाल्याची आहे, तो अजून पंचविशीचाही नाही. विणेकरी क्षणभर माझ्याकडे बघत राहिले, मग पिशवीतून वही काढली आणि म्हणाले, "नाव सांगा." त्या अभंगापुढे त्यांनी पेन्सिलने नाव लिहिले. परतताना बुवा हसत होते. त्यांनी चालीतला एक फरक पकडला होता. आमच्या पोराच्या चालीत ओळीच्या शेवटी एक झुकाव होता, वाकून रोप रोवल्यासारखा. परभणीकरांनी तो काढून आवाज वर खेचला होता. बुवा म्हणाले, "त्यांच्याकडे भात कुठे? चाल मोटेवर गेली."

एचओसीचा रसायनीचा कारखाना बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१७ साली घेतला. अग्निबाणांना लागणारे एक रसायन बनवणारा विभाग तेवढा इस्रोकडे द्यायचे ठरले. माणसे स्वेच्छानिवृत्ती घेऊन आपापल्या गावी गेली. ट्रंका आल्या होत्या तशा परत गेल्या. चाली मात्र आता मिसळलेल्या होत्या. सोलापूरकरांनी सातारची चाल नेली, जळगावकरांनी आमची. मंडळ मोडले असे मी म्हणणार नाही, पण एकादशीला पखवाज शोधावा लागतो. बुवाही त्याच सुमारास गेले.

त्यानंतर मला सीडीसाठी जे फोन आले, त्यांतल्या एका मागणीची मी कल्पनाही केली नव्हती. २००९च्या सीडीत एक गवळण आहे. तिच्या ऐन मध्यावर पाळी सुटल्याचा कारखान्याचा भोंगा वाजतो. बुवा थांबतात, भोंगा पुरा होऊ देतात, कुणीतरी खोकते, आणि मग बुवा तिथूनच धृपद उचलतात. ती जागा मी त्या वेळी कापणार होतो. बुवांनी कापू दिली नाही, म्हणाले, "तोही आपलाच आहे, त्याच्यावर घर चालतं." आता सातारा जिल्ह्यातल्या गावी राहणारे आमचे एक जुने सहकारी मला फोन करून म्हणाले, "ती भोंग्याची सीडी आहे का?" त्यांना गवळण नको होती असे नाही. पण आधी भोंगा, मग गवळण. त्यांच्या मागून आणखी तिघांनी तीच मागितली.

सगळ्याच सीडी आता लागत नाहीत. काहींचा रंग विटला आहे, काही मध्येच अडकतात. जेवढ्या वाचल्या तेवढ्या मी पेनड्राइव्हवर घेतल्या आहेत, दोन प्रती करून, एक मुलीकडे. सीडी बनवणारी भारतातली मोठी कंपनी मोझर बेअर, तीही २०१८ साली अवसायनात निघाली. नव्या लॅपटॉपला सीडी घालायची फटच नसते. पायी दिंडीत आता छोटे स्पीकर असतात, त्यात पोस्टाच्या तिकिटाहून लहान कार्डावर हजारो अभंग. मोबाइलवर तर एका बोटाने दोनशे जणांना पाठवता येते. त्याची मला हरकत नाही, मीही पाठवतो. शहरातली तरुण मुलेही अभंगाकडे आपल्या वाटेने येताहेत. मुंबईचा 'अभंग रिपोस्ट' हा वाद्यवृंद गिटार घेऊन संतांचे अभंग गातो; माझ्या नातवाने मला ऐकवले. बुवांना तीन वेळा ऐकायला लावायचे होते, ते राहून गेले. एवढेच वाटते, की दोनशे जणांना पाठवताना त्यांतल्या एकाचाही चेहरा डोळ्यांसमोर येत नाही, आणि चालीच्या धन्याचे नाव तर पहिल्याच उडीत गळते.

गेल्या ज्येष्ठात कर्जतचा तो चोखोबावाला घरी आला होता. आता त्याच्या स्वतःच्या दोन गाड्या आहेत, मुलगी शाळेत जाते. मी पेनड्राइव्ह काढायला लागलो तर म्हणाला, "गाणं आहे हो काका माझ्या मोबाइलमध्ये. कुणीतरी फिरवलं होतं, माझ्याकडेच आलं फिरत." मग थोडा वेळ चहाचा कप हातात फिरवत बसला. त्याला हवा होता तो सीडीतला कागद. मुलगी विश्वास ठेवत नाही म्हणाला.

मी खोका काढला. कागद पिवळा पडला आहे, पण बॉलपेनची शाई जागेवर आहे. अभंग चोखोबांचा, चाल याची, गाव, तिथी, गाडीत भरला. त्याने तो दोनदा वाचला, घडी न घालता वहीत ठेवला आणि वही शर्टाच्या आत. बाहेर पाऊस सुरू झाला होता. सीडी माझ्याकडेच राहिली आहे. ती आता लागत नाही.